जंत, जोखीम आणि जगण्याचा आनंद

बँकेत रुजू झाल्यानंतर प्रशिक्षण महाविद्यालयात कर्जविषयक पहिल्याच तासाला आमच्या प्राध्यापकांनी एक प्रश्न विचारला होता, "ज्या शाखेत एकही कर्ज थकलेले नाही, ती शाखा उत्तम म्हणायची का?" आम्ही सर्वांनी एकमुखाने होकार दिला. त्यावर ते हसून म्हणाले, "आधी त्या शाखेने कर्जे किती दिली ते पाहा. कर्जच दिले नाही तर थकणार कोठून? पण मग ती शाखा उघडली तरी कशासाठी?" जोखीम टाळणे आणि जोखीम सांभाळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे सूत्र मी त्या दिवशी वहीत उतरवून घेतले. ते घरात उतरायला मात्र बरीच वर्षे आणि एक मोठा धक्का लागला.

प्रस्तुत लेखाचा विषय आहे परोपजीवी जंतूंच्या संसर्गाची भीती आणि जगण्याचा आनंद यांचा मेळ. विषय वैद्यकाचा असला तरी मी वैद्य नाही. एक बँक अधिकारी आणि एका मुलीचा पिता या नात्याने जे वाचले, डॉक्टरांना विचारून समजून घेतले आणि प्रत्यक्ष अनुभवले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे. बदलीच्या नोकरीमुळे आपल्यापैकी अनेकांना नव्या प्रांतात, नव्या पाण्यावर आणि नव्या खाद्यपदार्थांवर संसार मांडावा लागतो. त्यांना यातील काही उपयोगी पडेल, अशी आशा आहे.

एका सकाळची गोष्ट

उत्तर प्रदेशातील एका जिल्ह्याच्या गावी माझी बदली झाली, त्याला दुसरे वर्ष चालू होते. मुलगी सात वर्षांची होती. एके दिवशी सकाळी शाळेसाठी वेणी घालून घेत असताना तिचा उजवा हात अचानक झटके देऊ लागला, तोंड एका बाजूला ओढले गेले आणि ती कोसळली. दोन-तीन मिनिटांत झटके थांबले. पण ती दोन-तीन मिनिटे आम्हा उभयतांना आजही स्पष्ट आठवतात. शेजारच्या एका गृहस्थांनी तिच्या नाकाशी चप्पल धरली, दुसऱ्यांनी दातांत चमचा घालण्याचा प्रयत्न केला. या दोन्ही गोष्टी करू नयेत, हे आम्हाला नंतर डॉक्टरांकडून समजले. अशा वेळी रुग्णास कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही द्यावे, तोंडात काहीही घालू नये आणि झटके पाच मिनिटांहून अधिक काळ चालल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे, एवढेच करायचे असते.

मेंदूच्या स्कॅनमध्ये एक लहानसा ठिपका आणि त्याभोवती कडे दिसले. निदान झाले न्यूरोसिस्टिसर्कोसिसचे, म्हणजे फीतकृमीच्या अळीची पुटी मेंदूत अडकल्याचे. आमच्या घरात अंडेही शिजत नाही, मग डुकराच्या मांसाशी निगडित असलेला हा जंत आमच्या लेकीच्या मेंदूत पोहोचला कसा, हा प्रश्न मी डॉक्टरांना जवळजवळ रागानेच विचारला. त्यांनी दिलेले उत्तर प्रत्येक कुटुंबाने समजून घेण्यासारखे आहे.

शत्रूची खरी ओळख

'टीनिया सोलियम' या फीतकृमीचा जीवनक्रम दोन यजमानांत विभागलेला असतो. पुट्या असलेले, नीट न शिजवलेले डुकराचे मांस माणसाच्या खाण्यात आले, तर त्याच्या आतड्यात प्रौढ जंत वाढतो. तो सामान्यतः दोन ते सात मीटर लांब असतो आणि पुष्कळदा त्या माणसास फारसा त्रासही देत नाही. या जंताची अंडी त्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. शौचालयाचा अभाव, सांडपाण्यावर पिकवलेली भाजी, दूषित पाणी अथवा अस्वच्छ हात यांच्यामार्गे ती अंडी दुसऱ्याच्या पोटात गेली, की त्यांतून निघालेल्या अळ्या आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे स्नायूंत, डोळ्यांत किंवा मेंदूत जाऊन बसतात.

यातील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. मांसातील पुटीमुळे आतड्यातील जंत होतो, तर मेंदूतील पुटी अंड्यांमुळे होते आणि ती अंडी माणसाच्याच विष्ठेतून येतात. म्हणून जन्मात मांस न खाल्लेल्या व्यक्तीलाही हा आजार होऊ शकतो. कोबीत किडे असतात आणि ते थेट मेंदूत जातात, या समजुतीने आपल्याकडे कित्येक घरांतून कोबी हद्दपार झाला आहे. वस्तुतः कोबीत हा जंत निपजत नाही. दूषित पाण्याने वा मातीने अंडी पानांवर येऊ शकतात, हे खरे. परंतु हे कोथिंबीर, पालक, मुळा, गाजर अशा जमिनीलगतच्या कोणत्याही भाजीबाबत तितकेच खरे आहे. भाजी नीट शिजवली की अंडी मरतात. कोबीच्या वाफाळत्या भाजीला घाबरायचे आणि त्याच ताटात न धुतलेली कोथिंबीर भुरभुरायची, हा हिशेब चुकीचा आहे.

आपल्या देशाने हा आजार ओळखण्यातही एक टप्पा ओलांडला आहे. स्कॅनची सोय झाल्यावर भारतीय रुग्णांच्या मेंदूत असे एकेकटे ठिपके मोठ्या संख्येने दिसू लागले आणि बराच काळ त्यांवर क्षयाच्या गाठी समजून उपचार होत असत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉ. मॅथ्यू चांडी, डॉ. वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून केलेल्या अभ्यासातून यांपैकी बहुसंख्य ठिपके फीतकृमीच्या मरू लागलेल्या अळीचे असतात, हे स्पष्ट झाले. असा एकच लहान ठिपका असल्यास तो बहुतेक रुग्णांत काही महिन्यांत विरून जातो आणि झटके औषधाने आटोक्यात येतात. आमच्या मुलीच्या बाबतीतही तसेच घडले. पुढच्या स्कॅनमध्ये ठिपका दिसेनासा झाला आणि कालांतराने औषधही हळूहळू बंद करण्यात आले.

आजार बरा झाला होता. घर मात्र बरे झाले नव्हते.

उचंत खात्यातील नोंद

ज्या नोंदीचा मेळ लागत नाही, ती रक्कम आपण तात्पुरती उचंत खात्यात टाकतो आणि ते खाते लवकरात लवकर निरंक करण्याचा आपला प्रयत्न असतो. मुलीच्या आजाराचा उगम शोधण्यासाठी मी नेमक्या याच वृत्तीने कामाला लागलो. शाळेतील पाण्याची टाकी, कोपऱ्यावरचा बताशेवाला (तिकडे पाणीपुरीला पानी के बताशे म्हणतात), लग्नसमारंभातील सलाड, भाजीवालीची टोपली, साऱ्यांवर माझा संशय होता. डॉक्टरांनी सांगितले होते, की आतड्यात जंत असलेली व्यक्ती घरातच असू शकते. म्हणून आम्हा सर्वांची आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशींचीही विष्ठा-तपासणी झाली. त्या बाईंना हे सांगताना माझ्या आवाजात नकळत आरोप उतरला असावा, कारण त्यांचे डोळे भरून आले. सर्वांचे अहवाल निर्दोष आले. मी मावशींची क्षमा मागितली.

डॉक्टरांनी मला समजावले, की अंडे पोटात गेल्यापासून पहिला झटका येईपर्यंत काही महिने किंवा कित्येक वर्षेही लोटू शकतात. १९६१ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अहवालात ४५० रुग्णांचा अभ्यास होता. त्यांतील बरेचसे भारतात नोकरी करून मायदेशी परतलेले ब्रिटिश सैनिक होते आणि अनेकांचे झटके परतल्यावर काही वर्षांनी सुरू झाले होते. तेव्हा आमची नोंद कोणत्या गावची, कोणत्या ताटातली, हे कळण्याचा मार्गच नव्हता. ते उचंत खाते कधीही निरंक होणार नव्हते.

जे निश्चित ठाऊक नाही, त्याची जागा भीतीने घेतली. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. आम्ही ताक पिणेच सोडले. घरात कच्चे काहीही खायचे नाही, बाहेरचे काहीही चाखायचे नाही, बागेत अनवाणी जायचे नाही, शेजारच्या कुत्र्याच्या पिल्लाला हात लावायचा नाही, वाढदिवसाला गेल्यास डब्यातलेच खायचे, देवळातला प्रसाद हातरुमालात बांधून आणायचा आणि टाकून द्यायचा, असे नियम एकामागून एक तयार झाले. प्रत्येक नियम स्वतंत्रपणे पाहिल्यास समंजस वाटे. सर्व नियम एकत्र केल्यावर मुलीचे बालपणच त्यांत मावेनासे झाले.

हिवाळ्यात माझी आई आमच्याकडे आली. तिने बाजारातून तिकडचे टपोरे पेरू आणले, धुतले, फोडी करून मीठ-तिखट लावले आणि नातीपुढे बशी ठेवली. मुलीने हात मागे घेतला आणि माझ्याकडे पाहून विचारले, "बाबा, याच्यातही अंडी असतील का?" तिच्या हातांकडे माझे लक्ष गेले. साबणाने वारंवार धुऊन बोटांच्या पेरांवरची कातडी फुटली होती. आई काहीही न बोलता बशी उचलून आत घेऊन गेली.

त्या रात्री मला प्रशिक्षण महाविद्यालयातील पहिला तास आठवला. माझ्या घरात एकही कर्ज थकू नये म्हणून मी शाखाच बंद करून बसलो होतो.

जोखमीची प्रतवारी

कर्जाचा अर्ज आला की आपण तीन प्रश्न विचारतो. नुकसान होण्याची शक्यता किती? झाल्यास नुकसान केवढे? आणि ते टाळण्यासाठी येणारा खर्च किती? परोपजीवी जंतूंच्या बाबतीत हेच तीन प्रश्न विचारले, तर भीतीचा एकसंध डोंगर चार-पाच लहान टेकड्यांत विभागला जातो.

पहिली प्रत वारंवार आढळणाऱ्या, परंतु सहज बऱ्या होणाऱ्या जंतांची. गोल जंत, चाबूक जंत आणि अंकुश जंत हे मातीतून पसरणारे तीन प्रमुख जंत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे १५० कोटी लोकांना यांचा संसर्ग आहे. गोल जंताची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालू शकते, हे ऐकून छाती दडपते. पण उपचार एका गोळीचा आहे. भारत शासनाने २०१५ सालापासून राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू केला. १० फेब्रुवारीस, आणि अनेक राज्यांत ऑगस्टमध्येही, १ ते १९ वर्षे वयोगटातील मुलांना शाळा व अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी मोफत देतात. अंकुश जंत पायाच्या कातडीतून शिरतो, आतड्यात रक्त शोषतो आणि पंडुरोगास कारणीभूत होतो. त्याला अडवायला पायांत चप्पल पुरेशी असते. येथे नुकसानाची शक्यता मोठी, पण उपाय अतिशय स्वस्त आहे. अशा जोखमीची धास्ती घेण्याचे कारण नाही आणि उपाय न करण्याला सबबही नाही.

दुसरी प्रत क्वचित होणाऱ्या, परंतु गंभीर आजारांची. आमच्या मुलीचा आजार या प्रतीतला. जिथे हा जंत आढळतो, अशा अनेक प्रदेशांत अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे तोच कारण असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. धुणे, शिजवणे, हात स्वच्छ ठेवणे आणि लक्षण दिसताच तज्ज्ञाकडे जाणे, ही येथील तरतूद.

तिसरी प्रत अतिदुर्मीळ, परंतु प्राणघातक. 'मेंदू खाणारा अमिबा' म्हणून बातम्यांत गाजलेला नेग्लेरिया या प्रतीत येतो. २०२४ व २०२५ साली केरळमध्ये अमिबाजन्य मेंदूज्वराच्या रुग्णांमुळे देशभर चिंता पसरली. हा अमिबा कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात असतो आणि नाकावाटे मेंदूत शिरतो. ते पाणी प्यायल्याने हा आजार होत नाही, तसेच तो एकापासून दुसऱ्यास लागत नाही. संसर्ग झाल्यास बहुतेक रुग्ण दगावतात. तथापि २०२४ साली कोझिकोड जिल्ह्यातील एक १४ वर्षांचा मुलगा वेळेवर निदान व उपचार झाल्याने बचावला. यावर पोहणे सोडणे हा उपाय नव्हे. क्लोरीनची मात्रा नीट राखलेला तलाव निवडावा, साचलेल्या गढूळ पाण्यात बुडी मारू नये, मारायचीच तर नाकाला चिमटा लावावा.

चौथी प्रत ऋतू आणि प्रदेश यांनुसार बदलणारी. हिवतापाचा परोपजीवी डासांमार्फत पसरतो, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात तो शोधून दाखवून देण्याच्या मार्गावर पहिले मोठे पाऊल टाकले. त्यालाही आता सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. मच्छरदाणी आणि घराभोवती पाणी साचू न देणे हा विम्याचा सर्वांत स्वस्त हप्ता आहे. बदली वनक्षेत्रात किंवा हिवतापाच्या पट्ट्यात झाली असेल, तर तो न चुकता भरावा.

या प्रतवारीतून एक गोष्ट माझ्या ध्यानी आली. आमच्या घरात चारही प्रतींना एकच कठोर नियम लागू होता, तो म्हणजे बंदी. पाच हजारांच्या कर्जाला आणि पाच कोटींच्या कर्जाला सारखेच तारण मागणारा अधिकारी जितका चुकतो, तितकाच मी चुकत होतो.

आजोबांचा नारू

मराठवाड्यातील आमच्या मूळ गावी पायऱ्यांची जुनी बारव आहे. आजोबांच्या डाव्या घोट्यावर एक पांढरा व्रण होता. लहानपणी आम्ही विचारले, की ते सांगत, "नारू निघाला होता तिथून." आजच्या तरुण वाचकांना नारू हा शब्दही कदाचित ठाऊक नसेल. पाण्यातील सायक्लॉप्स या सूक्ष्म जलकीटकात या जंताच्या अळ्या असतात. असे पाणी प्यायल्यावर सुमारे वर्षभराने दोन-तीन फूट लांबीचा जंत पायाच्या कातडीतून बाहेर येऊ लागतो. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढावा लागे. आग शमवण्यासाठी रुग्ण बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडी आणि तत्क्षणी जंत हजारो अळ्या पाण्यात सोडी. तेच पाणी सारा गाव पिई.

नारूवर लस नव्हती, तो नेमका मारणारे औषधही नव्हते. तरीही १९८३-८४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रमाने हा रोग देशातून घालवला. पाणी गाळण्यासाठी कापडाच्या व नायलॉनच्या गाळण्या, हातपंप, पायऱ्यांच्या विहिरींत बदल, पाण्यात औषध टाकून जलकीटकांचा नाश आणि गावोगावी रुग्णांचा शोध, एवढ्या साध्या साधनांवर हे घडले. देशातील अखेरचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानच्या जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. जगात १९८६ साली या रोगाचे अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. २०२३ साली माणसांत नोंदले गेले अवघे १४.

आजोबांनी नारू निघाल्यानंतर आयुष्यभर धोतराच्या दुहेरी घडीतून पाणी गाळूनच प्यायले. आमच्या घरी नळ आला तरी त्यांची ती घडी सुटली नाही. पण त्याच आजोबांनी एकही जत्रा चुकवली नाही, एकाही पंगतीला नकार दिला नाही, हुरड्याच्या दिवसांत शेतातच मुक्काम ठोकला आणि आम्हा नातवंडांना पोहायलाही त्यांनीच शिकवले. त्यांनी पाणी गाळले आणि मग निश्चिंत मनाने प्यायले. मी मात्र घरात महागडे शुद्धीकरण यंत्र बसवूनही ग्लास तोंडाला लावताना बिचकत होतो. सावधगिरीचे काम संपल्यावर निश्चिंती सुरू झाली पाहिजे, हे आजोबांना अनुभवाने कळले होते.

तरतूद किती करावी?

बँकेत आपण संभाव्य नुकसानासाठी तरतूद करतो. पण सारा नफा तरतुदीतच घालवत नाही. आमच्या घरात पुढे जे नियम टिकले, ते पुढीलप्रमाणे.

१) हात. जेवणापूर्वी, स्वयंपाकापूर्वी आणि शौचानंतर साबणाने हात धुणे. नखे आठवड्याला कापणे, कारण लहान कृमींची अंडी नखांखाली राहतात. एवढ्या वेळा पुरेत; दर अर्ध्या तासाने धुण्याची गरज नाही.

२) भाजी व फळे. पालेभाजीचे पान न् पान वाहत्या पाण्याखाली धुणे. कोबीची बाहेरची पाने काढून टाकणे. कोशिंबीर घरी निर्धास्तपणे करणे. जेथे पाणी व हात यांची खात्री नाही, तेथे कच्च्याऐवजी शिजवलेले गरम अन्न घेणे.

३) पाणी. शंका असेल तेथे उकळलेले पाणी. प्रवासात स्वतःची बाटली.

४) मांसाहार. जे करतात, त्यांनी आवडीने करावा. मात्र मांस आतपर्यंत पूर्ण शिजलेले असावे.

५) पाय आणि माती. खेळताना पायांत पादत्राण, खेळून आल्यावर हातपाय धुणे. मातीत खेळण्यास बंदी नाही.

६) पाळीव प्राणी. कुत्र्या-मांजरांना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळोवेळी जंतनाशक औषध देणे, त्यांची विष्ठा उचलणे आणि त्यांच्याशी खेळून झाल्यावर हात धुणे.

७) औषध. जंतनाशक दिनाची गोळी मुलांना अवश्य द्यावी. परंतु ज्यास कधी झटके आले आहेत, त्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे औषध देऊ नये. मेंदूत पुटी असल्यास औषधाने तेथे सूज वाढून झटके येऊ शकतात. तद्वतच 'पोट साफ राहावे' म्हणून दुकानातून मनाने औषध आणू नये.

या यादीत एक आठवा मुद्दाही आहे आणि तो एका घराच्या आवाक्यातला नाही. उघड्यावरील शौच थांबल्याशिवाय आणि सांडपाण्याची व्यवस्था झाल्याशिवाय मी माझ्या घरात कितीही भाज्या धुतल्या, तरी धोक्याचा उगम कायम राहतो. घरगुती शौचालयाची बांधणी वा दुरुस्ती यांसाठी दिलेले कर्ज रिझर्व्ह बँकेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अग्रक्रम क्षेत्रात मोडते. असा एखादा छोटा अर्ज टेबलावर आला, की मला आता तो केवळ उद्दिष्टपूर्तीचा आकडा वाटत नाही. कोणाच्या तरी लेकीच्या मेंदूपर्यंत जाणारा एक रस्ता त्याने बंद होतो.

उरलेली जोखीम

एवढी सर्व तरतूद केल्यावरही जोखीम शून्य होत नाही. आमच्या डॉक्टरांना मी अखेरच्या भेटीत विचारले, "पुन्हा होणार नाही ना?" त्या म्हणाल्या, "तशी हमी मी देऊ शकत नाही. पण तुम्ही ज्या पद्धतीने मुलीला जपत आहात, त्याने तिला आजच त्रास होतो आहे, हे मात्र मी खात्रीने सांगते." भीतीचाही खर्च असतो, परंतु तो कोणत्याही स्कॅनमध्ये दिसत नाही. मैत्रिणींच्या घरी न गेलेल्या संध्याकाळी, न चाखलेली चव, आजीच्या हातून न घेतलेली फोड, या साऱ्या नोंदी आपल्या ताळेबंदात कोठेच येत नाहीत. म्हणूनच काळजी आपल्याला फुकट वाटते आणि आपण ती मनसोक्त उधळतो.

येथे दुसऱ्या टोकाला जाण्याचाही मोह असतो. "आमचे वाडवडील ओढ्याचे पाणी पीत, त्यांना काय झाले?" असे आपण सहज म्हणतो. काय झाले, हे आजोबांच्या घोट्यावर लिहिलेले होते. बेफिकिरी म्हणजे आनंद नव्हे आणि धास्ती म्हणजे सावधगिरी नव्हे. करण्याजोगे जे आहे ते रोजच्या सवयीत मुरवावे, आणि जे आपल्या हातात नाही त्याचा विचार रोज नव्याने करू नये.

मुलगी आता दहा वर्षांची आहे. मध्यंतरी पुन्हा बदली झाली, गाव बदलले, शेजार बदलला. बोटांची कातडी केव्हाच पूर्ववत झाली. गेल्या हिवाळ्यात आई पुन्हा आली आणि पुन्हा पेरू आणले. मुलीने ते स्वतः नळाखाली धरून धुतले, चाकूने वेड्यावाकड्या फोडी केल्या, मीठ-तिखट जरा जास्तच लावले आणि पहिली फोड आजीला दिली. दुसरी तिने स्वतः खाल्ली. या वेळी तिने माझ्याकडे पाहिले ते केवळ मलाही एक फोड हवी का, हे विचारण्यासाठी.